सेटिंगवरचा लाल ‘१’

प्रश्न : ताई, पारोळ्यात माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, गंधमुक्तीच्या पत्रिका, निवडणूक आली की हँडबिलं, असं काम चालतं. मांडणीसाठी २०१५ सालचा २७ इंची आयमॅक आहे. त्यावर मोहावी ही प्रणाली आणि पानं मांडायचं इनडिझाइन सीएस ६. खालच्या पट्टीत सिस्टिम प्रेफरन्सेसचं जे चाक आहे, त्यावर लाल गोलात ‘१’ येऊन बसलाय. उघडलं की ‘मॉन्टेरे टाका’ म्हणतो. मला टाकायचं नाही, आखाजीच्या तिथींच्या पत्रिका अंगावर आहेत. डीटीपी करणारा पोरगा रोज म्हणतो, ‘आप्पा, हाऊ एक जातच नही.’ यूट्यूबवर पाहून काळ्या खिडकीत कमांड टाकली. आकडा दोन दिवस गेला नि परत आला. नुसता आकडा काढायचा उपाय सांगा. अपडेट करा असं मात्र सांगू नका.
— छापखान्याचे मालक, पारोळा

उत्तर : आप्पा, तुमची अट मान्य. या मशिनवर, या कामाच्या दिवसांत ‘अपग्रेड नाऊ’ हे बटण दाबू नका. कारणही सांगते, म्हणजे उद्या कुणी जाणकार दुकानात येऊन ‘दाबून टाका हो, काही होत नाही’ म्हणाला तरी तुमचा हात थांबेल.

३२-बिटचे जुने प्रोग्राम चालवणारी मॅकची शेवटची प्रणाली म्हणजे तुमची मोहावी, २०१८ सालची. ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅटालिना आली आणि तिनं असे प्रोग्राम चालवणं कायमचं बंद केलं. मॉन्टेरे तर तिच्याही नंतरची, २०२१ ची. मॅकवरचं इनडिझाइन सीएस ६ हे ३२-बिटचं आहे. मॉन्टेरे टाकल्यावर त्याचं चित्र जागेवर दिसेल, पण त्यावर तिरपी रेघ मारलेला गोल असेल आणि ते उघडणार नाही. मागं फिरायला बटण नसतं. डिस्क पुसायची, मोहावी पुन्हा टाकायची, आणि बॅकअप असेल तर त्यातून फायली परत आणायच्या. तोवर वधूकडच्या भाऊबंदांची पाऊण पान भरलेली नावं, प्रेषक, निमंत्रक, खाली ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी किलबिल मंडळी, सगळं त्या फायलींत अडकून पडेल. तिथी मात्र कुणासाठी थांबत नाही.

तरीही आकडा काढण्याआधी एक गोष्ट बघावीच लागते. हा ‘१’ कशाचा आहे? ॲपलनं लहानशा सुरक्षा दुरुस्तीला, अख्खी प्रणाली बदलणाऱ्या अपग्रेडला आणि ‘आयक्लाउडचा पासवर्ड पुन्हा टाका’ अशा किरकोळ आठवणीला एकच लाल गोल दिलाय. पहिलीला उशीर करणं धोक्याचं, दुसरं घाईनं करणं धोक्याचं, तिसरी दोन मिनिटांत मिटणारी. बघणाऱ्याला मात्र तिन्ही वेळा ‘१’ एवढंच दिसतं. माझा राग त्या आकड्यावर आहे तो एवढ्यासाठीच. माणूस त्याला घाबरून नको ते बटण दाबतो, नाहीतर वैतागून हवी ती दुरुस्तीही टाळतो.

तुमच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. मोहावीसाठी ॲपलनं शेवटची सुरक्षा दुरुस्ती जुलै २०२१ मध्ये दिली. त्यानंतर काही नाही. तुमच्या पडद्यावर मॉन्टेरेचंच नाव आहे, म्हणजे हा ‘१’ मोठ्या अपग्रेडचा. तो नजरेआड केल्यानं तुमचं नवं नुकसान काही होत नाही. जुनं नुकसान आहे, त्याच्याकडे नंतर येते.

आता यूट्यूबच्या कमांडविषयी. अशा दोन कमांड फिरत असतात. एक कमांड ‘हे अपग्रेड मला दाखवू नको’ असं मशिनला सांगायची, आणि ती खरोखर चालायची. पण मे २०२० मध्ये ॲपलनं मोठ्या अपग्रेडपुरती ती सोय काढून घेतली. मोहावीवर २०२०-००३ ही सुरक्षा दुरुस्ती बसली की ती कमांड मोठ्या अपग्रेडला लपवत नाही. त्याआधीचे व्हिडिओ अजून फिरताहेत, आणि बघणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. दुसरी कमांड चाकाजवळ नोंदलेला आकडा शून्य करते. तुम्ही बहुतेक तीच टाकली असणार. तिनं आकडा जातो, पण मशिन पुढच्या वेळी ॲपलकडे चौकशी करतं, तिथून तेच उत्तर येतं आणि ‘१’ पुन्हा उभा राहतो. विचारणं चालू आहे तोवर आकडा येतच राहणार, म्हणून आधी विचारणं थांबवायचं.

सिस्टिम प्रेफरन्सेस उघडा, सॉफ्टवेअर अपडेटमध्ये जा. खाली ‘ऑटोमॅटिकली कीप माय मॅक अप टू डेट’ असा चौकोन आहे, त्यातली खूण काढा. शेजारच्या ‘ॲडव्हान्स्ड’ बटणात ‘चेक फॉर अपडेट्स’ आणि ‘डाउनलोड न्यू अपडेट्स व्हेन अव्हेलेबल’ या दोन्ही खुणा काढा. पासवर्ड विचारेल, तो द्या. मग ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरमध्ये एक नजर टाका. ‘इन्स्टॉल मॅकओएस मॉन्टेरे’ नावाची फाइल तिथं आधीच उतरून बसली असेल तर ती कचऱ्यात टाका आणि कचरा रिकामा करा. ती सुमारे १२ जीबी जागा खाते. शिवाय ती तिथं राहिली तर एखाद्या दिवशी पोरगा कुतूहलानं तिच्यावर दोनदा टिचकी मारणार.

यानंतर खालची पट्टी, म्हणजे डॉक, नव्यानं सुरू करायचा. त्याला कमांड लागत नाही. युटिलिटीज फोल्डरमध्ये ॲक्टिव्हिटी मॉनिटर आहे. ते उघडून शोधायच्या चौकटीत डॉक लिहा, नाव निवडा, वरच्या कोपऱ्यातली फुली दाबा आणि ‘क्विट’ म्हणा. पट्टी क्षणभर नाहीशी होऊन आपोआप परत येते. उघडलेल्या फायलींना धक्का लागत नाही, तरी आधी सेव्ह करून घ्या. पुष्कळदा एवढ्यानं आकडा जातो.

नाही गेला तर सरळ ते चाकच पट्टीतून काढा. त्यावर उजवी टिचकी, ‘ऑप्शन्स’, मग ‘रिमूव्ह फ्रॉम डॉक’. लोक याला बिचकतात, सेटिंगच उडेल म्हणून. काही उडत नाही. डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदाच्या मेनूत सिस्टिम प्रेफरन्सेस कायम असतं. छापखान्यात ते दिवसाकाठी कितीदा लागतं? प्रिंटर अडला तरच. तुमच्या ठिकाणी मी पहिल्यापासून हाच उपाय केला असता.

उजव्या वरच्या कोपऱ्यात ‘अपडेट्स अव्हेलेबल’ अशी पट्टी सरकत येत असेल, तर तिच्यावरची बटणं दाबूच नका. ‘लेटर’च्या आत ‘आज रात्री करून बघ’ असाही पर्याय असतो. घाईत तो दाबला गेला की सकाळी दुकान उघडताना भलतंच समोर येऊ शकतं. पट्टी माउसनं धरून उजवीकडे ओढायची, ती काही मान्य न करता निघून जाते. हे पोरालाही शिकवा.

आता ते जुनं नुकसान. २०२१ नंतर सापडलेल्या सुरक्षेच्या भोकांना तुमच्या मशिनवर ठिगळ लागलेलं नाही आणि लागणारही नाही. म्हणून आप्पा, एक वचन मागते. त्या आयमॅकवर बँकेचं काम करू नका, मेल उघडू नका, गिऱ्हाइकाचं व्हॉट्सॲप वेबवर लावू नका. मजकूर आणि फोटो दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर घ्या, तिथून पेन ड्राइव्हनं आणा. नेटची तार काढूनच ठेवली तर सर्वांत उत्तम, आणि मग चौकशी करायला वाटच नसल्यानं आकड्याचाही प्रश्न मिटतो. ट्रेसिंग काढायला किंवा प्लेटवाल्याला पीडीएफ द्यायला त्या मशिनला नेट लागत नाही. मॅकमध्येच असलेल्या टाइम मशिन या सोयीनं बाहेरच्या डिस्कवर बॅकअप आजच सुरू करा. मशिन दहा वर्षांपलीकडचं आहे, त्यातली डिस्क कधी बसेल याचा भरवसा नाही.

लग्नसराई उरकली, पावसाळ्यात हात मोकळे झाले, की नव्या प्रणालीची चाचणी मात्र घ्या. कामाच्या डिस्कला हात न लावता ती घेता येते. एक बाहेरची एसएसडी आणा, २५० जीबीची पुरे. डिस्क युटिलिटीमध्ये ती एपीएफएस पद्धतीनं पुसून घ्या. मॉन्टेरे उतरवा, आणि कुठं बसवू असं विचारेल तेव्हा ‘शो ऑल डिस्क्स’ दाबून ही बाहेरची डिस्कच निवडा. या एका पायरीला घरातल्या दुसऱ्या माणसालाही पडद्याकडे बघायला लावा. नंतर मशिन सुरू करताना ऑप्शन कळ दाबून धरली की कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते मशिन विचारतं. बाहेरच्या डिस्कवर मॉन्टेरे, आतल्या डिस्कवर तुमची मोहावी जशीच्या तशी. तिथं मॉन्टेरेवर चालेल असं नवं इनडिझाइन टाकून जुन्या दहा-बारा पत्रिका उघडून बघा. फॉन्टकडे खास लक्ष द्या. तुमच्याकडच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप १ जातीचे असतील तर ते नव्या इनडिझाइनमध्ये दिसणार नाहीत, इनडिझाइन बनवणाऱ्या अडोबी कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये त्यांना रामराम केलाय. ट्रूटाइप फॉन्ट बहुधा चालतील, पण जोडाक्षरं आणि रफार छापून, प्रूफ हातात घेऊन तपासा. ‘चि. सौ. कां.’ मधला अनुस्वार सरकला तर पडद्यावर कळत नाही, कागदावर कळतो.

कोणते प्रोग्राम बंद पडतील याची यादी मोहावी स्वतःच देते. सफरचंदाच्या मेनूत ‘अबाउट धिस मॅक’, ‘सिस्टिम रिपोर्ट’, तिथं डाव्या बाजूला ‘लेगसी सॉफ्टवेअर’. त्यात जी नावं आहेत ती पुढच्या प्रणालीत चालणार नाहीत. चाचणीआधी तो कागद छापून भिंतीवर लावा.

हे सगळं मोहावीवाल्यांसाठी झालं. ज्यांच्याकडे नवा मॅक आहे त्यांनी यातलं फक्त एक उचलावं, ‘१ कशाचा?’ हा प्रश्न. सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर मोठ्या अक्षरांत, मोठ्या चित्रासह नवी प्रणाली मांडलेली असते. तिच्या खाली बारीक अक्षरांत ‘आणखी अपडेट्स उपलब्ध’ अशा अर्थाची ओळ असते, शेजारी ‘मोअर इन्फो’. तुमच्या सध्याच्या प्रणालीची सुरक्षा दुरुस्ती आणि सफारीची दुरुस्ती त्या बारीक ओळीत असते. वरचं मोठं चित्र नको म्हणून लोक पान बंद करतात आणि खालची गरजेची वस्तूही तशीच पडून राहते. आधी ती बारीक ओळ उघडा, त्यातलं घ्या. मोठ्या चित्राचं सवडीनं ठरवा.

प्रश्न : ताई, आम्ही शहाद्याजवळ खेड्यात राहतो. मुलगी बारावीला आहे, तिच्या अभ्यासासाठी आणि फॉर्म भरायला जुना डेस्कटॉप घेतलाय, विंडोज १०. बंद करायच्या बटणावर नारिंगी ठिपका येतो आणि ‘अपडेट अँड रिस्टार्ट’ लिहिलेलं असतं. आम्ही रोज नुसतं ‘शट डाउन’ करतो. ठिपका जात नाही. नेट मोबाइलचं आहे आणि लाईटीचा भरवसा नाही. हे काढता येईल का?
— एक पालक, शहादा

उत्तर : दादा, पारोळ्याच्या आप्पांना जे सांगितलं त्याच्या उलट तुम्हाला सांगायचं आहे. हा ठिपका लपवू नका, त्याचं काम पूर्ण होऊ द्या, तो स्वतः जाईल. नारिंगी ठिपक्याचा अर्थ असा की दुरुस्ती उतरलेली आहे, बसायला फक्त रिस्टार्टची वाट बघतेय. म्हणजे डेटा जो जायचा तो गेलाच आहे. नुसत्या ‘शट डाउन’नं ती बसत नाही. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक मशिनवर चालू असते. तिच्यामुळं शट डाउन केल्यावरही प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं.

मग करायचं एवढंच, की तुमच्याकडं लाईट टिकते ती वेळ निवडायची. मे-जूनमध्ये वादळी पावसाच्या संध्याकाळी हे मुळीच करू नका. डेस्कटॉपला बॅटरी नसते. ‘डोन्ट टर्न ऑफ युवर कॉम्प्युटर’ लिहिलेलं असताना लाईट गेली तर प्रणाली बिघडू शकते. इन्व्हर्टर असेल तर मशिन त्याच्यावर घ्या, नसेल तर ओळखीच्या दुकानातून तासाभरासाठी यूपीएस मागून आणा. टक्के वाढताना मध्येच बराच वेळ थांबल्यासारखे वाटतात. मशिनच्या पुढचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे असं समजा, मुख्य बटणाला हात लावू नका.

रिस्टार्ट करूनही ‘अनडूइंग चेंजेस’ म्हणत मागं फिरलं, तर आधी सी ड्राइव्हची जागा बघा. जुन्या मशिनमध्ये हेच कारण वारंवार निघतं. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जाऊन नको ते काढा. तिथल्या यादीत ‘डाउनलोड्स’ असाही एक चौकोन असतो. त्यावर खूण करू नका! मुलीचं हॉल तिकीट, जातीचा दाखला, भरलेल्या फॉर्मच्या पीडीएफ सगळ्या तिथंच असतात. मी तर म्हणेन, ती यादी उघडण्याआधी या फायली पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत मुलीच्या फोनमध्येही ठेवा.

मोबाइलच्या नेटचं असं करा. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘वाय-फाय’, मग तुमच्या हॉटस्पॉटचं नाव. त्यात ‘सेट ॲज मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग विंडोज मोठ्या गोष्टी न विचारता उतरवत नाही, आणि दिवसाचा डेटा सकाळीच संपून मुलीचा ऑनलाइन तास बुडत नाही. महिन्यातून एकदा, नेट मोकळं असेल त्या रात्री, विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन स्वतः उतरवा. मायक्रोसॉफ्ट आपल्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. तिकडं सकाळ असते तेव्हा आपल्याकडं रात्र, म्हणून बुधवारपासून बघायचं. मधले एक-दोन महिने चुकले तरी सगळे हप्ते वेगवेगळे उतरवावे लागत नाहीत, नव्या हप्त्यात आधीचे सामावलेले असतात.

एवढा आग्रह का धरतेय? १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका भोकावर दुरुस्ती दिली. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्यावर १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ येऊन पडला. फायलींना कुलूप, आणि उघडायला खंडणी. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. दुरुस्ती येऊन जवळजवळ दोन महिने झाले होते. फुकट होती, फक्त बसवायची राहिली होती.

तुमच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागेल. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापराच्या मशिनसाठी मायक्रोसॉफ्टनं वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. तिच्यात जायला विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती लागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसत असेल तर नावनोंदणी करून टाका. विंडोज ११ तुमच्या मशिनवर बसेल का, हे प्रोसेसरवरून कळतं. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची चीप आणि किमान ४ जीबी रॅम. ४ जीबीवर ते रडत चालतं, ८ जीबी असेल तरच त्या वाटेला जा. आणि प्रोसेसर जुना असेल तर कुणी ‘अट चुकवून बसवून देतो’ म्हणालं तरी बारावीच्या वर्षात ते करू नका.

प्रश्न : पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात सारखं ‘तुमचा संगणक जुना झाला, ताबडतोब अपडेट करा’ असं येतं. लाल त्रिकोण असतो आणि मदतीसाठी फोन नंबरही दिलेला असतो. सेटिंगमध्ये बघितलं तर तिथं काहीच बाकी दाखवत नाही. फोन करू का?
— गृहिणी, चोपडा

उत्तर : ताई, फोन करू नका. संगणकाच्या खऱ्या अपडेटसोबत फोन नंबर कधीही येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन बघितलंत हे तुम्ही फार बरं केलंत, कारण तिथं काही बाकी नसेल तर कोपऱ्यातली सूचना बाहेरच्या कुणाची तरी आहे. कधीतरी एखाद्या वेबसाइटवर, मालिका बघताना म्हणा किंवा पाककृती शोधताना, ‘अलाउ’ असं बटण दाबलं गेलं असेल. तेव्हापासून त्या साइटला तुमच्या पडद्यावर सूचना टाकायची परवानगी मिळाली आणि ती आता तिचा गैरवापर करतेय.

क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्जमध्ये जा. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’. ज्यांना परवानगी दिली आहे त्यांची यादी तिथं असते. ओळखीचं नाही ते प्रत्येक नाव काढून टाका. वर ‘साइट्सना सूचना पाठवू देऊ नका’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तोही निवडा. घरच्या वापरात त्यानं काही अडत नाही.

क्रोमचं स्वतःचं खरं अपडेट तीन ठिपक्यांच्या जागीच दिसतं. तिथला रंग हिरवा असेल तर अपडेट येऊन दोन दिवसही झालेले नाहीत, नारिंगी म्हणजे चारेक दिवस, लाल म्हणजे आठवडा उलटला. काही आवृत्त्यांत रंगाऐवजी ‘रिलाँच’ असे शब्द दिसतात. तो दाबायला हरकत नाही, क्रोम बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि उघडी पानं परत येतात. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर आधी तो पुरा करा.

आधीच फोन केला असेल, कुणाला संगणकाचा ताबा दिला असेल किंवा पैसे गेले असतील, तर लाजू नका आणि घरात लपवू नका. नेट बंद करा आणि लगेच १९३० ला कळवा. सायबर फसवणुकीसाठी सरकारचा हा देशभराचा क्रमांक आहे. बँकेलाही त्याच वेळी कळवून खातं थांबवायला सांगा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्यानंतर त्या संगणकावर त्यांनी टाकलेला प्रोग्राम काढून, सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलून घ्या.